पुलापर्यंत

१. टायर

"दाब," दाजी म्हणाले.

मी अंगठ्यानं टायर दाबला.

"आता तो."

तोही दाबला.

"बोला मेव्हणं. बारीक का रुंद?"

घाटाच्या पायथ्याला एक शाळा होती, तिच्या व्हरांड्यात आमचा मुक्काम. सायकल सीटवर उलटी उभी केलेली, चाकं काढलेली. भिंतीला चाकांच्या दोन जोड्या टेकवल्या होत्या. एका जोडीवर पंचवीस मिलिमीटरचे बारीक, गुळगुळीत टायर. दुसरीवर बत्तीसचे रुंद, दातेरी. बाहेर परतीचा पाऊस चार दिवस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि उद्याच्या टप्प्यात चौदा किलोमीटर घाट कच्चा होता. डांबर नाही, खडी नाही. नुसती माती.

"उद्या सकाळी माती बघतो, मग सांगतो," मी म्हणालो.

"नाशिकवाल्यांनी रुंद घातलेत."

"त्यांच्या चिमट्यात जागा हाय. तुमच्या न्हाई."

मी रुंद चाक पुढच्या चिमट्यात बसवलं. टायर आणि वरच्या लोखंडाच्या मधून आगपेटीची काडी सारली. अडकत अडकत गेली. मग ते काढून बारीक चाक बसवलं आणि त्याच फटीतून अख्खी पेन्सिल आरपार घातली.

"चिखल सुटणारा असला तर रुंद घाला, राजासारखे उतराल. धरणारा असला तर हितं येऊन बसणार," मी काडीची फट दाखवली, "आणि चाक हलणार न्हाई."

"माती बघून कळतंय तुला?"

"कुंभाराच्या पोटचा हाय की."

"मी कोण मग? सोनार?"

तेवढ्यात बाळगोंडा सर आले. आमच्या सायकल क्लबचे कोच; मी तिथला मेकॅनिक. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात छत्री. "दोन कुंभार एका सायकलीला लागलेत," ते म्हणाले. "सकाळपर्यंत माठ करून ठेवू नका तिचा." आणि त्यांनी माझ्या हातात नेहमीचा कागद दिला. टायर, हवा, रस्ता, ब्रेक, शेरा. प्रत्येकापुढे रिकामी जागा. शर्यतीआधी मी तो भरायचा, खाली सही करायची. सरांची शिस्त होती ती. पडलं-झडलं तर बोलायला कागद पाहिजे म्हणायचे.

"अंकुश," सर दाजींना म्हणाले, "काल तिसरा आलास. परवापर्यंत तिसरा राहिलास तरी काम झालं. पहिल्या तिघांचीच नावं वर जाणार हायेत. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरीची जागा पुन्हा तुझ्यासाठी थांबायची न्हाई. चैत्रात तुझं वय संपतंय."

"राहतो की तिसरा. का दुसरा येऊ?"

"तू नुसता पडू नकोस."

२. हवा

हवा भरताना दाजी नेहमी मोजायचे. मी पंप मारायचा, त्यांनी मोजायचं, आणि मधेच दोन आकडे खाऊन टाकायचे. मला चिडवायला. मी चौदा वर्षांचा असल्यापासून हा खेळ. माझ्या आक्काशी लग्न झाल्यावरच्या पहिल्या दिवाळीला या माणसानं मला घड्याळ नाही, कपडे नाहीत, स्पोकची चावी आणून दिली होती. ती अजून माझ्या दुकानात खिळ्याला आहे. चाक सरळ कसं करायचं ते त्यांनी शिकवलं. "कानानं बघ," म्हणायचे. स्पोक छेडायचा, आवाज ऐकायचा. मला वडील नव्हते. हे सगळं लिहिलं पाहिजे.

हेही लिहिलं पाहिजे.

निघायच्या दिवशी मी त्यांना घ्यायला वीटभट्टीवर गेलो होतो. दाजी कपडे बदलत होते. आक्का भाकरी फडक्यात बांधत होती. गाठ मारताना बाही वर सरकली.

"काय झालं हे?"

"विटा घसरल्या."

"आक्का, विटांना बोटं असत्यात व्हय?"

तिनं बाही खाली ओढली. मग हळूच म्हणाली, "हळू बोल. नोकरी लागू दे त्यास्नी. रिकाम्या माणसाचं डोकं गढूळ असतंय. लागली की निवळंल." आणि फडकं माझ्या हातात देत, "तू हायेस की संगं. चाकं नीट बघ त्यांची."

"बघतो."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

दाजी शिट्टी वाजवत बाहेर आले. आक्कानं त्यांच्या कपाळाला अंगारा लावला.

३. रस्ता

कागदावर मी लिहिलं ते असं:

पुलापर्यंत पाहिला. माती तांबडी, मुरूमाळ. सुटते. चालेल.

खाली सही, सर्जेराव कुंभार. वेळ, सकाळी सव्वासात.

माती कशी बघतात तेही सांगून टाकतो. आमच्या आज्यानं शिकवलेलं. ओला गोळा घ्यायचा, तळहातावर घोळवून पेन्सिलीएवढी जाड वळी करायची आणि ती बोटाभोवती गुंडाळायची. तडकली, तुटली, तर मातीत वाळू जास्त. ती विटेला बरी, चाकाला सोडून देते. अखंड गुंडाळली गेली, बोटावर अंगठी झाली, तर ती चिकण. माठाला चांगली. ती जिथं लागेल तिथं धरते, आणि पाऊस थांबून जरा वारं सुटलं की जास्तच धरते.

पुलापाशी वळी तुटली. तीन वेळा केली, तिन्ही वेळा तुटली. हे खरं आहे.

४. ब्रेक

सरांची मोटरसायकल घेऊन परत आलो तेव्हा पाऊस थांबला होता. दाजी व्हरांड्यात पायांना तेल चोळत बसलेले. मी खाली बसून ब्रेकचे जुने रबर काढले, नवे बसवायला घेतले.

"मेव्हणं, नोकरी लागली की पहिलं काम काय करणार सांगू?"

"काय?"

"तुझ्या बहिणीला भट्टीवरनं काढणार. बास झाला चिखल तिचा."

मी वर बघितलं. मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

"क्वार्टर मिळतीय तिकडं," दाजी म्हणाले. "दोन खोल्या. तिसऱ्या मजल्यावर. ना भट्टी, ना शेजारीण, ना तुझी आई दर बाजारला येऊन कान भरायला. मी कामावर निघालो की भाईरनं कडी, कडीला कुलूप, चावी खिशात." त्यांनी मांडीवर थाप मारली आणि खिसा नसलेल्या चड्डीवर खिसा चाचपला. "लई चुरूचुरू चालतंय तोंड तिचं. भाऊ हाय म्हणती, भाऊ बघंल म्हणती. बघ म्हणावं आता. जिना चढून बघ."

आणि हसले. व्हरांड्यातली बाकीची पोरंही हसली. नवरे करतात तसा विनोद होता तो, हसण्यासारखाच.

मी रबराचा नट पिळत राहिलो.

"बरं, ऱ्हावू दे. रुंद का बारीक ते सांग. नाशिकवाला उतारावरच मारणार हाय मला. मला वाटतंय, रुंद."

मी कुणाचं ऐकत नाही अशी माझी ख्याती होती. सरांनाही मी ठासून सांगायचो, हे चाक नाही, ते. खेळाडू चिडायचे, मी चाक बदलायचो नाही.

"तुम्ही म्हणाल ते, दाजी," मी म्हणालो.

त्यांना गंमत वाटली. "बघा सर! आज मेव्हणा मेव्हण्यासारखा वागाय लागला."

मी कागद भरला, सही केली आणि सरांना दिला. त्यांनी वाचला. "पुलापर्यंत? वर गेला न्हाईस?"

"वर गाडी चढंना."

"वरची माती?"

"हीच असणार की."

सरांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग आभाळाकडं बघितलं. ढग फाटत होते. "अंकुश, तुझी सायकल, तू ठरीव."

"रुंद," दाजी म्हणाले.

मी बत्तीसचे बसवले. काटेकोर बसवले. पुन्हा आगपेटीची काडी सारून बघितली, दोन्ही बाजूंनी सारखी फट. बारीक जोडी जीपच्या टपावर बांधली. कागदावर टायरपुढं ३२ लिहिलं.

आठला शर्यत सुटली. मी आणि सर मागच्या जीपमध्ये होतो. पुलापर्यंत दाजी पहिल्या चौघांत होते. तांबडं पाणी दोन्ही बाजूंनी पंख्यासारखं उडत होतं. पुलानंतर तीन किलोमीटरही ठीक गेले. सर म्हणाले, "जमलं रे तुझं." ऊन पडलं होतं. वारं सुटलं होतं.

मग रस्त्याचा रंग बदलला. तांबड्याचा राखाडी झाला. जीप फिरली, आडवी झाली, चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. समोर चारशे पावलांवर खिंड. खिंडीत दाजी उतरलेले दिसत होते. वाकून पुढच्या चिमट्यातनं बोटांनी चिखल काढत होते. मग त्यांनी ताठ होऊन हात वर केला आणि हवेत गोल फिरवला. चाक. चाक आणा.

मी टपावर चढलो. दोर सुटेना, दातानं सोडला. बारीक चाक खांद्याला अडकवून पळत सुटलो.

हे मी इतक्या वेळा पळालोय की त्यातला खरा पळालेला कुठला ते सांगता येत नाही. दहा पावलांत बुटांना चिखल धरला. वीस पावलांत एकेक बूट शेराच्या मापाएवढा झाला. मी बूट काढून टाकले. "थांबा!" ओरडत होतो. "दाजी, थांबा! उतारावर जाऊ नका!" माझ्या बाजूनं नाशिकवाला सायकल खांद्यावर घेऊन शांतपणे चालत गेला. तो खिंडीत पोचल्यावर दाजींनी त्याला बघितलं, मला बघितलं. अजून दीडशे पावलं होतो मी. नाशिकवाला पलीकडं उतारावर सायकलवर बसला.

दाजी थुंकले. बसले. निघाले.

खिंडीपलीकडं दुसऱ्या वळणावर होते ते. लांब नाही. उतार तीव्र नव्हता, वेगही फार नसावा. पुढचं चाक गच्च बसलं होतं, आणि माणूस हँडलवरून डोक्यावर गेला होता. चिमट्यात राखाडी माती भट्टीचं तोंड लिंपल्यासारखी भरली होती. मी आधी चाकाकडं बघितलं. गुडघे टेकून चाक फिरतं का ते बघितलं. फिरत नव्हतं. मग दाजींकडं बघितलं.

"सर्जा," ते म्हणाले. डोळे उघडे, तोंडावर चिखल. "पाय कुठायत रं माझं?"

होते. जागच्या जागी होते.

"हाईत दाजी."

"आणि हात?"

३. रस्ता (पुन्हा)

मोटरसायकल वर चढली होती.

पुलानंतरचे तीन किलोमीटर घसरत घसरत, पाय टेकत टेकत, पण चढली. राखाडी माती लागली तिथं मी गाडी लावली आणि खिंडीपर्यंत चालत गेलो. तेव्हा साडेसहा वाजले असतील. पाऊस चालूच होता, त्यामुळं वरचा थर नुसता रबरबीत, पातळ. न कळणाऱ्याला वाटलं असतं, ही तर पुलापेक्षा मऊ. मी खालची माती उकरली, घोळवली, वळी केली, बोटाभोवती गुंडाळली.

तडकली नाही.

पुन्हा एक केली. बोटावर दोन अंगठ्या झाल्या. बोट वाकवलं तरी तडा नाही. शाडूच्या जातीची माती. पाऊस थांबून ऊन पडलं की ही तासाभरात कणकेसारखी होणार, हे मला डोळे मिटून कळत होतं. एक अंगठी मोडून टाकली. दुसरी बोटातनं अलगद काढून रेनकोटच्या खिशात ठेवली, दाजींना दाखवायला. ते कुंभारच होते. अंगठी बघितल्यावर एक शब्द बोलावा लागला नसता.

बारीक घाला, हे सांगायलाच मी खाली आलो. ब्रेकचे रबर काढेपर्यंत तोंडात तेच वाक्य होतं. खिशात हात घालायचा तेवढा बाकी होता.

मग कुलपाचं बोलणं निघालं.

मी त्यांना मारायचं ठरवलं नव्हतं. पडावेत, हेसुद्धा ठरवलं नव्हतं. चौथे यावेत, एवढंच. नोकरी जावी. तिसरा मजला जावा. आक्का भट्टीवर राहावी, चिखलात राहावी, पण दाराला कुलूप नसलेल्या चिखलात. एवढाच हिशेब होता, आणि तो रबराचा नट दोन आटे फिरेपर्यंत झाला होता. चाक अडकेल, ते उतरतील, सायकल खांद्यावर घेऊन चालतील, मागे पडतील. चिडून शिव्या देतील मला. दाजी उतारावर पुन्हा सायकलवर बसतील, हे माझ्या हिशेबात नव्हतं. नोकरीसाठी माणूस काय काय करतो हे मला माहीत असायला पाहिजे होतं. मी त्यांच्याच हाताखाली वाढलो होतो.

त्या कागदाची चौकशी झाली. "पुलापर्यंत" या शब्दावर सगळे थांबले आणि तिथूनच परत फिरले. वर गाडी चढत नव्हती, हे जीप रुतलेली सगळ्यांनी बघितलंच होतं. सरांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यांनी तो छापील कागद तेवढा कायमचा बंद केला.

५. शेरा

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. दाजींना मानेखाली काही हलवता येत नाही, उजव्या हाताची दोन बोटं सोडून. बोलतात. टीव्ही बघतात. भट्टी आक्का चालवते. नऊ माणसं आहेत कामाला, आणि तिला मालकीणबाई म्हणतात. खोलीला खिडकी दोन्ही बाजूंनी आहे, दार दिवसभर उघडं असतं. दाजींना ती दिवसातून चार वेळा कुशीवर वळवते. कधी आवाज चढवत नाही. कधी हसूनही बोलत नाही. तिच्या मनगटावर काही नसतं आता.

दर भाऊबीजेला मी जातो. दाजींच्या कॉटसमोरच पाट मांडलेला असतो. त्यांचा आग्रहच असतो तसा. यंदाही गेलो. टोपी घातली, पाटावर बसलो. आक्का ताट घेऊन आली. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी.

सुपारीशेजारी सोन्याची अंगठी असते ओवाळायला, तिच्या लग्नातली. ती नव्हती. तिच्या जागी पांढरट, खापरासारखी एक बारीक अंगठी होती. वळी गोल करून टोकाला टोक चिकटवलेली. टोक जिथं मिळालं तिथं माझ्या अंगठ्याची रेघ होती. भाजलेल्या मातीतली रेघ पुसली जात नाही.

मी आक्काकडं बघितलं. ती माझ्या कपाळाला कुंकू लावत होती.

"सोन्याची कुठं गेली?" दाजींनी कॉटवरून विचारलं.

"झिजली. मोडली गेल्या महिन्यात."

"आणि ही कुठली?"

"ही जुनी हाय. सर्जाच्या रेनकोटात घावली होती मला, धुताना." तिनं अंगठी आणि सुपारी चिमटीत धरून माझ्या तोंडाभोवती फिरवली. एकदा. "तुमाला दवाखान्यात नेलं त्या आठवड्यात. ओलीच होती, टाकवंना. विटांबरोबर भट्टीत टाकली." दोनदा. "बरी भाजली."

"हिकडं दाखव."

तिनं ताट त्यांच्या डोळ्यांसमोर नेलं. दाजींनी मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. एकोणीस वर्षं झाली तरी माणूस कुंभारच.

"तडा न्हाई कुठं," ते म्हणाले. "चिकण हाय. शाडू म्हणायची ही. ह्या माणसाच्या बोटावर वळलीया." उजव्या हाताची दोन बोटं चादरीवर हलली. "सर्जा, कागदावर तर माती तांबडी म्हणून लिहिलं होतंस."

निरांजनाची वात तडतडली.

"कुठली रं ही?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही ठाऊक नाही. खिंडीतली, असं म्हणणार होतो. बहुतेक.

"आधी तोंड गोड कर," आक्का म्हणाली, आणि अख्खा बेसनाचा लाडू माझ्या तोंडात कोंबला. पाट सोडून उठता येऊ नये म्हणून की काय, दुसरा हात माझ्या खांद्यावर दाबून धरला. मनगट जड होतं तिचं. विटा उचलणाऱ्या बाईचं असतं तसं.

मी चावत राहिलो. लाडू संपत आला. दाजी माझ्याकडं बघत होते. त्यांना घाई नव्हती.